समेटाचं ताट

मंगळवारी शिमोन वारला. सकाळचे नऊ वाजले होते. तो सिल्वासाच्या दवाखान्यात खाटेवर होता आणि मी सायकलवरून तिकडे निघालो होतो. शिमोन माझा धाकटा भाऊ.

याला आता चार वर्षं झाली. नाताळच्या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा 'मी सिल्वासाला आलो' इथून. तिन्ही कागद फाडले. त्या मंगळवारपासून सुरू केल्याशिवाय मला माझं काम सांगता येत नाही, असं दिसतं.

मी पाळक नव्हतो. पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. बाप्तिस्मा, लग्न, प्रभुभोजन त्यांच्या हातून होतं. आमचे पाळकसाहेब वलसाडला राहत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बसने येत. बाकीचे दिवस मंडळी माझ्या अंगावर. कागदोपत्री मी 'सेवक' होतो. तोंडाने सगळे मास्तर म्हणत, कारण इकडे येण्याआधी मी नवापूरकडे चार वर्षं शाळेत शिकवलं होतं.

ऐंशीनंतर सिल्वासा-दादऱ्यात सुताचे कारखाने उभे राहिले आणि धुळे जिल्ह्यातून माणसं यायला लागली. त्यांत आमची ख्रिस्ती घरंही होती. डोकमर्डीत आम्ही पत्र्याची एक लांब खोली घेतली, तेच आमचं प्रार्थनाघर. गावात पोर्तुगीजांच्या वेळचं मोठं कॅथलिक चर्च आहे. बाहेरचा माणूस आम्हाला तिथलेच समजायचा आणि मग आमच्या सतरंज्या, पेटी-ढोलकी बघून बुचकळ्यात पडायचा.

प्रभुभोजन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर भाकर मोडली आणि माझ्या आठवणीसाठी हे करत जा, असं सांगितलं. आम्ही महिन्यातून एकदा ते करतो. पण मनात वैर घेऊन त्या मेजाशी यायचं नाही. भावाचं तुझ्याशी काही वाकडं असेल तर आधी जाऊन समेट कर, मग ये. हे आम्ही शब्दशः पाळत होतो. म्हणून प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात मी सायकल काढून घरोघर जायचो आणि एकच प्रश्न विचारायचो : "कोणाशी अबोला आहे का?"

माझ्या कामाचं सार एवढंच. बाकी बाप्तिस्म्याचे वर्ग होते, आजाऱ्यांच्या भेटी होत्या, पण कोणी विचारलं, मास्तर, तुम्ही जन्मभर काय केलंत, तर मी हा प्रश्न विचारला.

अबोला निघाला तर समेट करायचा. सुरुवातीला मी दोघांना समोर बसवून बोलायला लावायचो. त्याने भांडण वाढायचं. तेव्हा शिमोन माझ्याबरोबर राहायचा, कारखान्यात मशीनवर होता. तो एकदा म्हणाला, "दादा, बोलायला कशाला लावतोस? जेवायला लाव."

आम्ही दोघं गावाहून एक पेटी आणि आईने दिलेलं एक काठाचं पितळी ताट घेऊन आलो होतो. पहिले सहा महिने दोघांना तेवढंच ताट. सकाळी आमचं कितीही वाजलं असलं तरी संध्याकाळी हात एकाच ताटात जायचे आणि हात गेले की तोंडंही सुटायची. शिमोनने ते ताट धुऊन माझ्या सायकलच्या कॅरिअरला पिशवीत बांधून दिलं. तिथून आमची रीत पडली. ज्यांचा अबोला असेल त्यांनी माझ्यासमोर एका ताटात बसायचं. नागलीची एक भाकर. याने मोडून त्याला द्यायची, त्याने मोडून याला. दोघांनी खाल्लं की समेट झाला. माफी मागायची सक्ती नाही.

सगळे काही प्रेमाने खायचे नाहीत. नळाच्या पाण्यावरून दोन बायकांचं जुंपलं होतं. एकीने तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "भाकर हिच्या हातची आहे ने? तरीच मीठ नाही." दुसरी म्हणाली, "मीठ मागायला रोज माझ्याच दारात येतेस, ते बराबर लक्षात राहत नाही." दोघींनी भाकर मात्र संपवली. रविवारी शेजारी बसल्या होत्या. मला तेवढं पुरायचं.

मंडळीतल्या वडिलांनी, म्हणजे निवडलेल्या पंचांनी, एकदा ठरवलं की आपण काय मानतो ते भिंतीवर लिहावं. लिहायचं काम माझ्याकडे. एक देव, ज्याने सर्व केलं. येशू, जो पाप्यांसाठी मेला आणि पुन्हा उठला. तारण दान आहे, कमाई नव्हे. शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचावं. त्यासाठी मी बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत होतो. या घरात जात नाही. बाप्तिस्मा एकदाच. आणि सातवं : मेज प्रभूचं आहे, मंडळीचं नाही. आमच्यातले वयाने मोठे वडील याकोबदादा दारूबद्दलही एक ओळ घाला म्हणत होते. दुसरे म्हणाले, "सिल्वासात राहून तेवढ्या ओळीने भागायचं नाही दादा, बारच्या पाट्यांएवढ्या पाट्या लागतील." सात ओळींवर थांबलो. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. मला त्या पाटीचा अभिमान होता. भाषा माझी होती आणि एक शब्द जास्तीचा नव्हता.

एकदा पुण्याचे एक इंजिनिअर प्रार्थनाघरात आले. दादऱ्याच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. बूट दाराबाहेर नीट काढून ठेवले आणि विचारलं, "ते ताटवाले मास्तर तुम्हीच का?" त्यांच्या खात्यात आमच्या मंडळीतले दोघं एकाच मशीनवर पाळ्या बदलत होते. दोघांचा अबोला. जाणारा येणाऱ्याला मशीन काय करतंय ते सांगत नव्हता आणि सुताचं नुकसान होत होतं. "मी दोघांना मेमो दिले," साहेब म्हणाले. "त्यांनी दोघांनी मुकाट्याने सह्या केल्या. एकमेकांशी बोलले नाहीतच. तुम्ही काय करता म्हणे?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. पाटी वाचत उभे राहिले. सातव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मेज तुमच्या मंडळीचं नाही म्हणता. म्हणजे रविवारी मी आलो तर मला बसता येईल?"

"बाप्तिस्मा झालेला असला पाहिजे," मी म्हणालो. "आणि मंडळीच्या पटावर नाव लागतं."

"मग मंडळीचंच झालं की हो मास्तर."

मी त्यांना चहा दिला. त्या दोघांना शनिवारी ताटावर बसवलं, मशीन सुरळीत झालं. साहेबांचा प्रश्न मी घरी आल्यावर शिमोनला सांगितला. तो खूप हसला. "तुला पुणेकराने पकडलं," म्हणाला.

नव्वदनंतर दमणगंगेच्या काठी एक प्रचारक सभा घ्यायला लागले. ते म्हणत, तान्हेपणी पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा खरा नाही. मोठेपणी, समजून, नदीत पूर्ण बुडून घ्यावा. आमच्या मंडळीतली तीन घरं गेली. मी वर्गात सहावी ओळ समजावून सांगत राहिलो. बाप्तिस्मा एकदाच, कारण त्यात वचन देवाचं असतं, आपली आठवण नव्हे. आणि एका सोमवारी शिमोन माझ्या दारात आला. तोवर त्याचं लग्न झालं होतं, तो आणि मार्था खेरडीच्या रस्त्याला राहत होते. त्याचे केस ओले नव्हते, पण मला बघताच कळलं.

"घेतलास?"

"काल घेतला. दादा, रागावू नकोस. तान्हेपणचा मला आठवत नाही रे. मला आठवेल असं काहीतरी पाहिजे होतं."

मी रागावलो नाही. रागावलो असतो तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं आणि भांडणावर आमच्याकडे उपाय होता. मी त्याला शास्त्राचे संदर्भ दिले.

वडिलांची सभा बसली. याकोबदादा म्हणाले, "मास्तर, राहू द्या ना. मागे बसेल. पोरगा चांगला आहे." मी म्हणालो, नियम सगळ्यांना एक. तीन घरांची नावं पटावरून कमी केलीत, आता माझ्या भावाचं ठेवलंत तर त्या घरांना काय सांगणार? मी शिमोनचं नाव स्वतःच्या हाताने कमी केलं. त्यात मला थोडा अभिमानही वाटला, हे इथे लिहिलं पाहिजे.

पुढची गोष्ट आमच्यासारख्यांच्या हातूनच होऊ शकते. मी दर महिन्याला पट घेऊन फिरायचो. पटावर ज्यांची नावं, त्यांना प्रश्न. शिमोनचं नाव पटावर नाही, म्हणून त्याच्या दारात थांबायचं कारण नाही. खेरडीच्या रस्त्याने जाताना त्याचं दार उघडं दिसायचं. मी पायडल मारत पुढे जायचो. अबोला आहे, असं मला एकदाही वाटलं नाही. बाजारात भेटला तर "कसा आहेस" म्हणत होतो. तोही "बरा आहे दादा" म्हणायचा. असं तीन वर्षं चाललं.

रूथआजी आमच्यातली सर्वांत म्हातारी, साक्रीकडची. तिच्या दारात मी प्रश्न विचारला की ती सुपारी कातरत राहायची. एकदा म्हणाली, "मास्तर, तू सर्वासले इचारस. तुले कोन इचारस रे भाऊ?"

"शिमोनशी माझं भांडण नाही आजी. तो बाहेर गेला."

"बाहेर गया म्हनीसन भाऊ नही का?"

मी तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. पण त्या दिवसापासून झोप कमी झाली. सायकल खेरडीकडे वळली की ताटाची पिशवी कॅरिअरवर वाजायची, ती मी दोरीने घट्ट बांधायला लागलो.

शिमोनला कावीळ झाल्याचं मला मंडळीतल्या एका कामगाराकडून कळलं. दवाखान्यात ठेवलंय, असंही. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. गेलो नाही. उद्या जाऊ, असं तीन दिवस म्हणत होतो. शनिवारी सकाळी मी सतरंज्या झटकत होतो, तेव्हा मार्था आली. चपला घातलेल्याच होत्या, आत आली नाही.

"दादा, तो ताट मागतोय."

"काय?"

"तुमचं ताट. म्हणतो, दादाला ताट घेऊन यायला सांग. आज सकाळी दोन चमचे पेज गेली पोटात. चला आत्ताच."

माझ्या हातात सतरंजीचं टोक होतं. त्या क्षणी मी काय काय विचार केला ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. ताट मंडळीच्या माणसांसाठी आहे. शिमोन चूक मानत नसेल आणि मी त्याच्याबरोबर खाल्लं, तर त्या तीन घरांना का दूर ठेवलं? वडील विचारतील. उद्या प्रभुभोजन आहे. मी म्हणालो, "उद्या पाळकसाहेब येतात. त्यांना विचारतो आणि लगेच येतो."

मार्थाने पाटीकडे पाहिलं. "त्यांना काय विचारणार दादा? भावाबरोबर जेवू का, असं?" आणि निघून गेली.

मी टेलिफोन बूथवर गेलो. तीनदा वलसाडला फोन लावला. पाळकसाहेब एका लग्नाला गेले होते. दुपारी सायकल काढली, दवाखान्याच्या वळणापर्यंत गेलो आणि परत आलो. उरलेल्या घरांना प्रश्न विचारला. कोणाशी अबोला आहे का? नाही मास्तर. नाही मास्तर. एका घरी मला पाणी मागावं लागलं.

रविवारी उपासनेत, भाकर मोडण्याआधी, पाळकसाहेब माझ्याकडे वळून विचारतात आणि सेवकाने उभं राहून उत्तर द्यायचं असतं, अशी आमची पद्धत. मी उभा राहिलो. "सर्वांची विचारपूस झाली," म्हणालो. रूथआजी पहिल्या ओळीत होती. तिने मान वर केली नाही. मी भाकर घेतली.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हातारे होते, बसच्या वेळेची त्यांना नेहमी काळजी असे. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"हे विचारायला तुम्ही कालपासून थांबलात?"

"नियम..."

"मास्तर, नियम मी बघून घेईन. वडिलांना मी सांगेन. तुम्ही जा."

मार्थाला दिलेलं वचन लक्षात होतं, तरी आधी भाकर करावी लागली. पीठ शेजारून आणलं. दवाखान्यात पोचलो तोवर भेटीची वेळ संपली होती. दारावरच्या माणसाने पिशवीत काय आहे विचारलं. ताट, म्हणालो. "यहाँ बरतन मिलता है, कल आना," तो म्हणाला. मी त्याच्याशी वाद घालायला हवा होता. मला वाद घालता येत नाही. फाटकाबाहेर बराच वेळ उभा राहून घरी आलो.

सोमवारी सकाळी आत सोडलं. शिमोनचे डोळे हळदीसारखे झाले होते, पोट फुगलेलं, हाताला सलाईन. आदल्या दिवशी दुपारपासून तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मार्था खाटेच्या पायाशी स्टुलावर बसली होती. मी ताट काढलं. त्याने ते ओळखलं.

"आईचं," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पुणेकर येतो का रे अजून?"

"त्यांची बदली झाली."

"तो बराबर बोलला होता."

"हो."

मी भाकर मोडली आणि तुकडा त्याच्या हातात दिला. आता त्याने मोडून मला द्यायची. त्याच्या बोटांत जोर नव्हता. त्याने ताटच दोन बोटांनी माझ्याकडे ढकललं. मी उरलेली भाकर घेतली आणि खाल्ली. त्याला म्हणालो, "तू नको खाऊस. डॉक्टर नाही म्हणतात." त्याने तुकडा मुठीत धरला. नर्स आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. ताट मी पिशवीत घातलं. माफी मी मागितली नाही. ताटावर माफीची सक्ती नव्हती. ती सवलत मी दुसऱ्यांसाठी ठेवली होती, आणि वापरली मी.

दुसऱ्या दिवशी मंगळवार.

त्याला आमच्या प्रार्थनाघरात आणलं. नदीवरच्या सभेची माणसं आली, ती तीन घरंही आली, सगळे सतरंजीवर एकमेकांत मिसळून बसले. कोणाचं नाव कुठल्या पटावर आहे ते कोणी विचारलं नाही. पुढच्या सभेत मी वडिलांना सांगितलं की कमी केलेली नावं पुन्हा घ्यावीत. ज्यांना यायचं त्यांना मेजाशी येऊ द्यावं. याकोबदादा फक्त म्हणाले, "घ्या." दोन घरं परत आली. तिसरं घर तोवर सुरतेला निघून गेलं होतं.

पुढच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी म्हणालो, "सर्वांची विचारपूस झाली. माझी राहिली आहे." आणि भाकर न घेता मागे जाऊन बसलो. पाळकसाहेबांनी समजूत घातली. प्रभूची क्षमा माझ्या भाकरीच्या तुकड्यावर अडलेली नसते, हे मी स्वतः वर्गात शिकवत होतो. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दोघांनी खाल्लं तर समेट होतो. मी खाल्लं. त्याने खाल्लं का? शनिवारी गेलो असतो तर त्याने खाल्लंच असतं. पेज गेली होती त्याच्या पोटात. असा मी मागे बसत राहिलो आणि प्रश्न मात्र दारोदार विचारत राहिलो. लोक उलट माझ्याशी जास्त खरं बोलायला लागले. आधी 'नाही मास्तर' म्हणणारे आता 'बसा जरा' म्हणायचे.

गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे काम सोडलं. नवीन सेवक मोटारसायकलवर फिरतात. मार्था कारखान्यात पॅकिंगला जाते. आमचं येणंजाणं होतं, पण त्या सोमवारबद्दल कधी बोललो नव्हतो. या लेखाचा तिसरा कागद फाडला त्या दिवशी मी खेरडीला गेलो आणि तिला विचारलं. मला फार भीती वाटत होती. उत्तर काय आलं म्हणजे मला बरं वाटेल, तेही ठरत नव्हतं.

"मार्था, त्या दिवशी मी गेल्यावर त्याने तो तुकडा खाल्ला का?"

ती चहा गाळत होती. "नाही दादा. तो मुठीतच होता. रात्री मूठ सैल झाली."

"मग?"

"मग मी खाल्ला." तिने कप माझ्यासमोर ठेवला. "टाकायचा कसा? आणि मला भूक लागली होती. दोन दिवस मी काही खाल्लं नव्हतं. तुम्ही विचारलं नव्हतंत."

मी चहा घेतला. निघताना तिला म्हणालो, "आज विचारतो. माझ्यावर राग आहे का?"

"होता," ती म्हणाली. "पुष्कळ होता. दारातून जायचात ना सायकलवर, ती घंटी ऐकू आली तरी राग यायचा." मग म्हणाली, "रविवारी येईन. भाकर मी आणते. तुमची जाड होते."

शिमोनशी माझा समेट झाला की नाही, ते मला माहीत नाही. पाटी अजून भिंतीवर आहे, सातही ओळी आहेत. ताट माझ्याकडे आहे. रविवारी उपासनेनंतर मार्था येते आणि आम्ही दोघं त्यात जेवतो.